पाण्याचं घर पाण्याला, आन आमचं? : आंबील ओढ्याच्या एका गाण्याचं प्रकरण

मार्च २०२२ मधला एक रविवार. संध्याकाळचे सहा-सव्वासहा वाजले असतील. दांडेकर पुलाच्या वरच्या अंगाला, आंबील ओढ्याच्या कडेच्या एका वसाहतीत, समाजमंदिराच्या ओट्यावर शाहीर गात होते. डफ त्यांच्या हातात, तुणतुण्यावर पुतण्या, आणि मागे झील धरायला, म्हणजे पालुपद उचलून धरायला, आम्ही सोसायट्यांमधली सात-आठ माणसं. पालुपद आलं:

ओढ्याची वाट ओढ्याला द्या रं,
पाण्याचं घर पाण्याला द्या रं!

समोरच्या घराच्या पायरीवर एक मावशी लसूण सोलत बसल्या होत्या. दुसऱ्यांदा पालुपद आलं तेव्हा त्यांनी मानही वर केली नाही. हातातली पाकळी ताटलीत टाकली आणि आमच्याच चालीत म्हणाल्या, "पाण्याचं घर पाण्याला, आन आमचं घर कुनाला?"

आधी पोरं हसली. मग बायका हसल्या. मग कुणीतरी तीच ओळ पुन्हा म्हटली, मग आणखी दोघी-तिघींनी, आणि तेव्हा त्यात हसण्यासारखं काही उरलं नाही. शाहिरांनी डफ काखेत धरला. आम्ही झीलकरी एकमेकांकडे बघत उभे. माझा एक जुना विद्यार्थी गर्दीत होता, आता दोन मुलांचा बाप झालेला. तो पुढे येऊन हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही पण?"

त्या "तुम्ही पण" मुळे मी हे सगळं लिहून काढते आहे. लोकगीतातून पर्यावरण म्हटलं की टाळ्या ठरलेल्या असतात. इथे त्या पडल्या नाहीत, आणि गाण्याचं पुढे जे काही झालं ते टाळ्या न पडल्यामुळेच झालं, असं माझं मत आहे. शाहिरांचं नाव मी देत नाही, वसाहतीचंही नाही. दोघांनीही तसंच सांगितलं आहे.

ओढा

आंबील ओढा कात्रजच्या डोंगरात उगवतो. कात्रजची तळी, धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर, पर्वतीचा पायथा असं करत दांडेकर पूल ओलांडतो आणि मुठेला मिळतो. हा त्याचा आजचा रस्ता. जुन्या कसबे पुण्याला दोन ओढ्यांची हद्द होती, पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला हा. म्हणजे आपण आज ज्या पेठांतून पिशव्या घेऊन हिंडतो तिथून आंबील ओढा वाहत होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तळ्यातून शनिवारवाड्याकडे जमिनीखालून नळ आला, त्याचे उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी ठेवलेली तोंडं, जुन्या भागात अजून सापडतात. त्याच काळात पर्वतीच्या पायथ्याशी ओढ्याला बांध पडला, तळं झालं, तळ्यातल्या बेटावर गणपती बसला आणि ओढा पश्चिमेकडे वळवला गेला. तळ्याची पुढे सारसबाग झाली. गणपतीला जुनी माणसं अजूनही तळ्यातला गणपतीच म्हणतात, आणि नवी माणसं विचारतात, तळं कुठाय?

ही माहिती इतक्या तपशिलात देण्याचं कारण पुढे येईल.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र या काठावरचं कुणी विसरलेलं नाही. कात्रजच्या बाजूला तुफान पाऊस झाला आणि रात्री ओढा आला. "आला" हाच शब्द सगळे वापरतात, जणू कुणी माणूस दारात आला. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी वीजमीटरच्या पेटीपर्यंत चढलं. दुचाक्या एकावर एक रचल्यासारख्या सकाळी कोपऱ्यात सापडल्या. पलीकडच्या काठावर लोक माळ्यावर चढून बसले होते, आणि ज्यांच्या घराला माळा नव्हता ते शेजाऱ्याच्या. शहरात त्या रात्री माणसं गेली. आमच्याकडे चिखल काढायला चार दिवस लागले. त्यांच्याकडे चिखलाबरोबर दप्तरं, कागद, धान्य, सगळंच काढून टाकावं लागलं.

सहकारनगर भागात पानशेतच्या पूरग्रस्तांच्या सोसायट्या आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासल्याची भिंत गेली, मुठेकाठची घरं वाहिली, आणि त्यातल्या काहींना जागा मिळाली ती या बाजूला. एका पाण्याने उठवलेली माणसं दुसऱ्या पाण्याच्या शेजारी येऊन बसली. आमच्या मजल्यावरच्या आजी २०१९ च्या त्या रात्री जिन्यात बसून म्हणाल्या होत्या, "मला दोनदा कशाला दाखवलं रे बाबा?"

शाहीर

वय पन्नाशीच्या आतबाहेर. दिवसा एका छापखान्यात बाइंडिंगचं काम. वडील गोंधळी, लग्नाकार्यात गोंधळ घालायचे. संबळ घरातच होता, पण यांनी हातात डफ घेतला, कारण (त्यांच्याच शब्दांत) संबळ देवीचा आणि डफ माणसांचा. तरी गोंधळ अंगातून गेलेला नाही. गोंधळात सुरुवातीला गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलावतात. शाहीर त्या जागी पुण्याच्या ओढ्यांना बोलावतात: आंबील, नागझरी, माणिक, भैरोबा, राम नदी, देव नदी. प्रत्येक नावानंतर डफावर एक थाप, आणि "गोंधळाला या". पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. त्यातल्या माणिक आणि भैरोबा यांना आपण सरळ नाला म्हणतो. शाहीर नाला हा शब्द तोंडात घेत नाहीत. म्हणतात, "नाला म्हटलं की त्यात कायबी टाकायला माणूस मोकळा होतो. ओढा म्हटलं की हात जरा अडतो."

मी शाळेत भाषा शिकवायचे, त्यामुळे हे मला पटलं आणि जरा अतीच पटलं, हे आता कळतं.

डफाबद्दल थोडं सांगायला हवं. कातड्याचा डफ दमट हवेत ढिला पडतो, आवाज बसतो. मग तो शेकावा लागतो. शाहीर छापखान्यातली कात्रण पेटवून त्यावर डफ फिरवत शेकतात. तळहात कातड्यावर टेकून बघतात, एकदा टिचकी मारतात, नाक मुरडतात, पुन्हा फिरवतात. पाच मिनिटांचं काम, पण तेवढ्यात भोवती पोरं जमतात आणि कार्यक्रमाची अर्धी जाहिरात तिथेच होते. भर पावसाळ्यात मात्र ते सरळ प्लॅस्टिकच्या पडद्याचा डफ वापरतात. आमच्यातल्या एका पर्यावरणप्रेमी गृहस्थांनी त्यावरून टोकलं तेव्हा शाहीर म्हणाले, "तुमची छत्री कसली हाय, साहेब?"

शिक्षण दहावीपर्यंत, पण कान विलक्षण. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दोघा अभ्यासकांनी पुण्यात राहून, मुळशी-मावळापासून सुरुवात करून, महाराष्ट्रभरच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. आज त्या इंटरनेटवर ऐकायला मिळतात. शाहीर रात्री फोनवर त्या ऐकत बसतात. त्यांना ओवीतलं काय आवडतं हे मी विचारलं होतं. म्हणाले, "बाई भांडत न्हाई, रडत न्हाई, दळता दळता सासूला आडवी करते." मावशींची ती ओळ त्यांना एवढी का झोंबली, याचं उत्तर बहुतेक यातच आहे. ती ओवीच होती. फक्त जात्याच्या जागी लसूण होता.

मानधनाचा विषय एका परिच्छेदात उरकते. पहिली दोन वर्षं आमच्या गटाने, म्हणजे ओढ्यासाठी एकत्र आलेल्या आम्ही सोसायट्यांमधल्या माणसांनी, त्यांना नारळ आणि शाल दिली. चळवळीतला माणूस फुकट गातो असं आम्ही धरून चाललो होतो. छापखान्यातली अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाते हे कळल्यावर बिदागी ठरवली. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, पुतण्याने सांगितलं.

पहिलं गाणं

२०१९ च्या पुरानंतर त्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या काही जणांनी ओढ्याच्या फेऱ्या सुरू केल्या. रविवारी सकाळी कात्रजच्या बाजूने निघायचं आणि ओढ्याच्या कडेने जमेल तितकं खाली यायचं. कुठे काठ आहे, कुठे भिंत आहे, कुठे पुलाखाली राडारोडा अडकला आहे, कुठे ड्रेनेजचं चेंबर थेट पात्रात आहे, हे बघत आणि लिहून घेत. शाहीर तिसऱ्या फेरीला आले आणि चौथ्या फेरीला गाणं घेऊन आले. "ओढ्याची वाट ओढ्याला द्या रं."

गाणं चांगलं होतं. आजही मी ते चांगलंच म्हणेन. पाण्याचा हिशेब त्यात सोप्या भाषेत मांडलेला होता. पात्राची रुंदी निम्मी केली तर तेच पाणी एक तर वेगाने जाणार किंवा उंच चढणार, आणि एका काठाला भिंत घातली की दुसऱ्या काठाला धडक बसणार. हे सगळं तीन कडव्यांत. नदीच्या पूररेषेचं आम्ही त्यांना समजावलं होतं. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि गाण्यात रेषा आणलीच नाही. "पाण्याला रंग कळत न्हाईत," म्हणाले.

सोसायट्यांत, शाळांत, टेकडीवरच्या सकाळच्या मंडळींत ते गाणं धो धो चाललं. माईक नाही, हा शाहिरांचा नियम. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. डफ तिच्यात बसतो की नाही यावर आमच्या गटात एकदा तासभर वाद झाला होता. तो तास कुणी परत देईल तर बरं.

मग करोना आला आणि फेऱ्या थांबल्या. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळच्या आंबील ओढा वसाहतीत, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, घरं पाडण्याची कारवाई झाली. लोक रस्त्यावर आले, न्यायालयाने स्थगिती दिली, ते सगळं बातम्यांत आलेलंच आहे. आमची वसाहत, म्हणजे ज्या वसाहतीबद्दल मी लिहिते आहे ती, त्याच ओढ्याच्या काठावरची. त्यांच्या घरांना कुणी हात लावला नव्हता, पण त्या दिवसापासून रस्त्यावर जेसीबी दिसला तरी घराघरांतून माणसं बाहेर येऊन बघायची.

आणि आम्ही २०२२ च्या मार्चमध्ये, फेऱ्या पुन्हा सुरू झाल्याच्या आनंदात, तिथे जाऊन गायलो: पाण्याचं घर पाण्याला द्या रं.

गाण्यातला एक शब्दही बदललेला नव्हता. सोसायटीच्या हॉलमध्ये त्या ओळीचा अर्थ बिल्डरने मागे सरकावं असा होत होता. इथे त्याच ओळीचा अर्थ नोटीस होत होता. अर्थ ऐकणाऱ्याच्या पायाखालच्या जमिनीप्रमाणे बदलतो, हे मी वर्गात तीस वर्षं शिकवलं, पण त्या ओट्यावर उभी असताना माझ्या ते लक्षात आलं नाही.

त्या संध्याकाळी

डफ थांबल्यावर आमच्यातले एक जण समजवायला पुढे सरसावले. "मावशी, आमचं म्हणणं तुमच्या विरोधात नाही, शास्त्रीय दृष्टीने पाहिलं तर..." शाहिरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना मागे घेतलं. मग पायरीशी जाऊन खाली बसले, मावशींच्या पायाशी, आणि म्हणाले, "मावशे, पुन्यांदा म्हन की."

मावशी म्हणाल्या, "मी काय गानारी हाय व्हय?"

"न्हाई. पन म्हन."

त्यांनी म्हटलं नाही. ताटली उचलली आणि आत गेल्या. शाहीर तिथेच बसून राहिले. बायका हळूहळू बोलायला लागल्या. एकीचं सासर सोलापूरकडचं, १९७२ च्या दुष्काळात सासू-सासरे पुण्यात आले, खडी फोडायला. तेव्हा ओढ्याकाठी झाडी होती, पाणी भांडी घासण्याइतकं स्वच्छ होतं, आणि "इथं ऱ्हावा" असं त्यांना सांगणारी माणसं होती, ज्यांची नावं आता कुणी घेत नाही. दुसरी म्हणाली, पूर आला तेव्हा पलीकडच्या भिंतीवरून पाणी आपटून इकडे वळताना तिने बघितलं. "ती भिंत कुनाची ते बगा की एकदा तुमच्या फेरीत."

ती भिंत आमची होती.

म्हणजे आमच्या सोसायटीची. जुनी दगडी भिंत होती, ती २०१९ च्या पुरात पडली. नंतर आम्ही वर्गणी काढून सिमेंट-काँक्रीटची उंच भिंत बांधली. तेव्हा मी खजिनदार होते, चेकवर माझी सही आहे. पूर आला त्या रात्री जुनी भिंत होती, त्यामुळे त्या बाईने पाहिलेली भिंत ती जुनी. नवी तर तिच्यापेक्षा दीड पुरुष उंच. हे मी त्या संध्याकाळी कुणालाही सांगितलं नाही. भिंत नसती तर आमच्या तळमजल्यावरचे दोन म्हातारे पुढच्या पुरात कुठे गेले असते, हेही मला माहीत आहे, आणि ते मी इथे मुद्दाम लिहिते, कारण फक्त कबुलीजबाब देऊन मोकळं होणं सोपं असतं.

मधले पाच महिने

पुढच्या बैठकीत गटाची सरळ दोन शकलं झाली. काहींचं म्हणणं असं की ओढ्यातलं अतिक्रमण ते अतिक्रमण, गरिबाचं काय आणि श्रीमंताचं काय, पाणी बघत नाही. काहींचं म्हणणं की ते गाणंच सोडून द्यावं, झाडांवर वगैरे काहीतरी करावं. झाडांवरच्या गाण्याला कुणी उठून सवाल करत नाही, हा त्यातला फायदा.

एका तरुण इंजिनिअरने पीट सीगरचं उदाहरण काढलं. अमेरिकेतला हा लोकगायक न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी राहायचा. साम्यवादी म्हणून त्याची चौकशी झाली होती, संसदेच्या अवमानाबद्दल १९६१ मध्ये शिक्षा झाली आणि पुढच्या वर्षी ती रद्द झाली. १९६६ मध्ये त्याने आणि मित्रांनी ठरवलं की गटारगंगा झालेल्या हडसनवर एक जुन्या पद्धतीचं शिडाचं जहाज फिरवायचं. गाण्यांचे कार्यक्रम करून पैसे जमवले, आणि १९६९ मध्ये १०६ फुटी 'क्लिअरवॉटर' पाण्यात उतरलं. विचार साधा होता. लोक नदीपाशी येतच नाहीत, तर जहाज आणि गाणी घेऊन त्यांना काठावर आणायचं, मग नदीचं काय झालंय ते त्यांना स्वतःलाच दिसेल. १९७२ मध्ये अमेरिकेत शुद्ध पाण्याचा कायदा झाला, त्याच्या मागे अशा अनेक मोहिमांचा रेटा होता.

इंजिनिअरचं म्हणणं, आपणही असंच काहीतरी भव्य करावं. आंबील ओढ्यात जहाज कुठून आणायचं ते त्याने सांगितलं नाही. पण गोष्टीचा पुढचा भाग त्यानेच सांगितला, आणि शाहिरांनी नेमका तोच पकडला. हडसनच्या वरच्या अंगाला दोन कारखान्यांतून कित्येक वर्षं पीसीबी नावाचं रसायन नदीत सोडलं जात होतं. ते माशांत सापडलं. १९७६ मध्ये राज्याने हडसनमधल्या पट्टेरी बास माशाची व्यापारी मासेमारी बंद केली. विष टाकणारे वेगळे, आणि आधी जाळं गुंडाळावं लागलं ते कोळ्यांना.

शाहीर म्हणाले, "मंग कोळ्यांचं गानं कुनी केलं?"

सगळे गप्प. इंजिनिअरने फोनमध्ये डोकं घातलं.

घरी जाताना मी त्यांना मुळशीची आठवण करून दिली. १९२१ मध्ये मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापट तिथूनच सेनापती झाले. मुंबईच्या विजेसाठी मावळातली माणसं उठवली गेली. शाहिरांना हे ओव्यांमधून माहीत होतं, मी पुस्तकातून सांगत होते. म्हणाले, "पान्यासाठी मानूस उठवायची आपल्याकडं जुनी खोड हाय. आन आता ओढ्याच्या नावानं मीबी त्यात झील धरली."

एप्रिलपासून ते दर आठवड्याला एकटे वसाहतीत जायला लागले. डफ न घेता. नुसते जाऊन बसायचे. मे महिन्यात मी त्यांना कसब्याची आणि तळ्याची हकीकत सांगितली, जी वर दिली आहे. त्यांनी दोनदा विचारलं, "म्हंजे ओढ्याची खरी जागा पेठंत?" मग बराच वेळ हसत बसले. गाण्याचं कुलूप तिथे उघडलं.

दुसरं गाणं

त्यांनी पोवाड्याचा बाज सोडून सवाल-जवाब धरला. एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला ओढा. उपदेश करणारा कुणीच नाही. सुरुवात मावशींच्या ओळीने:

पाण्याचं घर पाण्याला, आन आमचं घर कुनाला?

ओढ्याचा जवाब:

ओढा म्हणे, कसब्याशी माझा जुना शेजारा,
पर्वतीच्या बांधापाशी वळला माझा मोहरा.
मागू कुणाकडं जागा, पेठ देईल का माघारी?
गरिबाच्या दारावरच येते नोटिसची वारी!

आणि तिसऱ्या कडव्यात:

भिंत बांधली बंगल्यानं, पाणी गेलं चाळीला,
चाळ देते शिव्या आता आंधळ्या त्या पाण्याला.

पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा "बंगल्यानं" या शब्दावर ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "सोसायटी मात्रेत बसंना, बाई." मात्रेत बसलं असतं तर त्यांनी ते ठेवलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

मावशींच्या ओळीचं श्रेय द्यायचं, हा त्यांचा हट्ट. नाव विचारायला गेले तर मावशी म्हणाल्या, "नाव रेशन कार्डावर हाय तेवढं पुरं." तेव्हापासून शाहीर प्रत्येक कार्यक्रमात आधी सांगतात, पहिली ओळ माझी नाही, लसूण सोलणाऱ्या एका मावशीची आहे.

गणपतीनंतर, सप्टेंबर २०२२ च्या शेवटी, त्याच ओट्यावर दुसऱ्यांदा कार्यक्रम झाला. दुपारपासून भुरभुर होती. कातड्याचा डफ न्यायचा की प्लॅस्टिकचा यावर काका-पुतण्याचं वाजलं. शेवटी कातड्याचाच आला, आणि दर दोन कडव्यांनी एका घराच्या गॅसवर शेकून आणावा लागला. वस्तीची बाजू बायकांनी धरली, ओढ्याची आम्ही. गंमत अशी की ओढ्याच्या तोंडचं आम्ही गायलो तरी भिंतीच्या कडव्याला आमचा आवाज आपोआप खाली गेला आणि त्यांचा वर. डफ नेमका तेव्हा शेकायला गेला होता, त्यामुळे ते कडवं नुसत्या टाळ्यांवर झालं. मावशी पायरीवर नव्हत्या. खिडकीत होत्या.

काय झालं, काय नाही

आमच्या झीलकऱ्यांपैकी चार जण गळाले. एकांनी लेखी कळवलं की हे आता पर्यावरणाचं गाणं राहिलेलं नाही. मला त्यांचा राग येत नाही. पहिल्या गाण्यात ओढ्याबद्दलची जी ओढ होती ती दुसऱ्यात थोडी कमी झाली आहे, हे खरंच आहे. कात्रजच्या डोंगराचं, पाण्यातल्या गाळाचं, बगळ्यांचं एक सुंदर कडवं होतं, ते गेलं. मला ते अजून पाठ आहे आणि कधीकधी मी ते एकटीच म्हणते.

फेऱ्या आता उलट्या दिशेने होतात. वसाहतीतून सुरू होऊन वर जातात. बायका येतात, कारण सकाळी सातला त्यांच्याच दारात जमायचं असतं. पुढच्या उन्हाळ्यात पुलाखालच्या राडारोड्याबद्दल सोसायटी आणि वसाहत यांनी पहिल्यांदाच एका कागदावर सह्या केल्या, आणि पाऊस यायच्या आधी तो निघाला. तो गाण्यामुळे निघाला असं मी म्हणणार नाही. पण त्या कागदावर दोन्ही काठांच्या सह्या एकाखाली एक आल्या त्या शाहिरांमुळे. अर्जात "नाला" हा शब्द होता, एका आज्जींनी तो खोडून "ओढा" लिहायला लावला.

घरांचा प्रश्न जिथल्या तिथे आहे. पूर आला तर ती घरं धोक्यात आहेत, हेही जिथल्या तिथे आहे. पुनर्वसन कुठे, किती लांब, मुलांच्या शाळेचं काय, कामाच्या घरांपासून बसचे दोन टप्पे पडणार का, हे सगळे सवाल गाण्यात आता आहेत, आणि ओढ्याकडे त्यांचा जवाब नाही. त्या जागी शाहीर चार मात्रा नुसता डफ वाजवतात. पहिल्यांदा मला वाटलं ते ओळ विसरले.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी भिंतीचा विषय काढला. निदान ओढ्याच्या वळणापाशी ती मागे घेता येईल का, एखाद्या जाणत्या माणसाकडून बघून घ्यावं, एवढंच. अर्धा तास चर्चा झाली, त्यातली वीस मिनिटं पार्किंगवर गेली. विषय पुढच्या सभेवर ढकलला.

आमचा वॉचमन त्याच वसाहतीत राहतो. रात्री साडेदहाला फाटक लावताना तो काहीतरी गुणगुणत असतो. मागच्या आठवड्यात सेक्रेटरी गाडी आत घेताना काच खाली करून म्हणाले, काय रे, कुठलं गाणं?

"काय न्हाई साहेब," तो म्हणाला, "भिंतीचं."